रासायनिक बंध, रचना आणि गुणधर्म : एका सोयीस्कर कोष्टकाची चिकित्सा
(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात)

सारांश : पदार्थाचे गुणधर्म त्यातील रासायनिक बंध व रचना यांवर अवलंबून असतात, हे रसायनशास्त्राचे मूलभूत विधान आहे. अध्यापनात मात्र या विधानातील ‘रचना’ हा घटक मागे पडतो आणि बंधाच्या प्रकारावरून गुणधर्म सांगणारे कोष्टक तेवढे उरते. प्रस्तुत लेखात या कोष्टकाची चिकित्सा केली असून, त्यासाठी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या औद्योगिक पट्ट्यातील दगड, आगकाडी, पितळ, रेयॉन, जीन्सचा रंग आणि नदीचे पाणी ही उदाहरणे घेतली आहेत.

प्रास्ताविक

इयत्ता आठवीच्या सामान्य विज्ञानात ‘रासायनिक बदल व रासायनिक बंध’ या प्रकरणातून विद्यार्थ्याची बंध या संकल्पनेशी ओळख होते. पुढे कनिष्ठ महाविद्यालयात व पदवी वर्गात हाच विषय अधिक गणिती स्वरूपात येतो. तथापि या साऱ्या प्रवासात विद्यार्थ्याच्या स्मरणात टिकून राहते ते एक कोष्टक. आयनिक संयुगे कठीण, उच्च द्रवणांकाची, पाण्यात विरघळणारी व द्रावणात वीज वाहून नेणारी. सहसंयुज संयुगे मऊ, कमी द्रवणांकाची, पाण्यात न विरघळणारी व विजेची दुर्वाहक. धातू चकचकीत, वर्धनीय व सुवाहक. हिरा व ग्रॅफाइट यांची नोंद ‘अपवाद’ म्हणून शेवटी केली जाते.

कोष्टक लक्षात ठेवण्यास सोपे आणि परीक्षेत तपासण्यास त्याहून सोपे आहे. परंतु ज्या परिसरात रसायन हा उपजीविकेचा, आरोग्याचा आणि प्रसंगी जिवाचा प्रश्न आहे, तेथील विद्यार्थ्याला हे कोष्टक कितपत उपयोगी पडते, हे तपासणे आवश्यक ठरते. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले. शेजारच्या अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. येथील महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरांत कारखान्यांत काम करणारे कोणी ना कोणी असणे स्वाभाविक आहे. त्यामुळे या चिकित्सेसाठी उदाहरणे दूरवर शोधण्याची गरज नाही.

बंध आणि रचना : एका जोडीची फारकत

इतिहास पाहिल्यास बंध आणि रचना या दोन कल्पना एकमेकींच्या आधारानेच वाढल्या, असे दिसते. एकोणिसाव्या शतकात बाळाजी प्रभाकर मोडक मराठीतून रसायनशास्त्र मांडू लागले तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध लागलेला नव्हता. तो १८९७ मध्ये लागला. १९१३ मध्ये डब्ल्यू. एल. ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. मिठात सोडियम क्लोराइडचा स्वतंत्र रेणूच नसतो, तर आयनांची सलग मांडणी असते, हे त्यातून स्पष्ट झाले. १९१६ मध्ये गिल्बर्ट लुईस यांनी इलेक्ट्रॉनच्या जोडीच्या भागीदारीची कल्पना मांडली. १९३९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी रासायनिक बंधाच्या स्वरूपावरील आपल्या ग्रंथात या दोन्ही धारा एकत्र आणल्या. संशोधनात एकत्र आलेली ही जोडी वर्गात मात्र फुटते : बंध हे एक प्रकरण होते, स्फटिकरचना हे दुसरे आणि बहुवारिके हे तिसरे.

परिभाषेनेही या फारकतीस हातभार लावला आहे. मराठीत रेणूच्या आत ‘बंध’ आणि दोन रेणूंमध्ये ‘आंतररेण्वीय बल’ असा भेद केला जातो, आणि तो उपयुक्त आहे. पण त्याच परिभाषेत ‘हायड्रोजन बंध’ हा बहुतेकदा दोन रेणूंमधील असूनही ‘बंध’ म्हणवला जातो. परिणामी, पाणी उकळताना नेमके काय तुटते, असे विचारल्यास ‘हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्यातील बंध’ असे उत्तर पदवी वर्गातही मिळू शकते. कोष्टकाचा मूळ दोष येथेच आहे. एखादा पदार्थ वितळताना, विरघळताना किंवा जळताना नेमके काय तुटते, हा प्रश्न ते विचारतच नाही.

अंबरनाथचा दगड

अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी आहे. तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. साडेनऊ शतकांहून अधिक पावसाळे या मंदिराच्या काळ्या पाषाणाने सोसले आहेत. हा दगड दख्खनच्या लाव्ह्याचा बेसाल्ट असून त्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग सिलिका असतो.

सिलिका म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडशी त्याची तुलना केल्यास कोष्टक कोठे अडखळते ते कळते. कार्बन व सिलिकॉन आवर्तसारणीच्या एकाच गणातील आहेत, दोघांच्याही ऑक्साइडमध्ये दर अणूमागे ऑक्सिजनचे दोन अणू आहेत आणि दोन्हींतील बंध प्रामुख्याने सहसंयुज आहेत. तरीही एक उणे ७८ अंश सेल्सिअसलाच घनरूप सोडून वायू होतो, तर दुसऱ्याचा स्फटिक, क्वार्ट्झ, वितळण्यास सुमारे १७०० अंश लागतात. विशेष म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची ऊर्जा मोलमागे सुमारे ८०० किलोज्यूल आहे, तर सिलिकॉन-ऑक्सिजन एकेरी बंधाची सुमारे ४५०. म्हणजे अधिक बळकट बंधाचा पदार्थ वायू आहे आणि कमी बळकट बंधाचा पदार्थ दगड.

या कोड्याचे उत्तर रचनेत आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये बंध लहान रेणूच्या आत संपतात. वायू होताना तुटते ते रेणूरेणूंमधील क्षीण आकर्षण. मूळ बंधांना धक्काही लागत नाही. सिलिकेटात मात्र सिलिकॉनभोवतीचे ऑक्सिजनचे चतुष्फलक एकमेकांस जोडले जातात. बेसाल्टमधील पायरॉक्सीन या खनिजात त्यांच्या साखळ्या होतात, फेल्डस्पारमध्ये त्रिमितीय जाळे होते आणि त्यांच्यामध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांचे आयन बसतात. असा दगड वितळवायचा तर हे जाळेच मोडावे लागते. हा पदार्थ ‘आयनिक’ की ‘सहसंयुज’ या रकान्यांपैकी कोठे बसवावा, याचे समाधानकारक उत्तर कोष्टकाजवळ नाही. भूकवचाचा बहुतांश भाग सिलिकेटांचा बनलेला असल्यामुळे त्याला ‘अपवाद’ म्हणणेही शक्य नाही.

आगकाडी आणि पितळ

अंबरनाथच्या औद्योगिक इतिहासात वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विमको, हिचा आगपेट्यांचा कारखाना महत्त्वाचा होता. कंपनीची स्थापना १९२३ ची. आगकाडीचा इतिहास हा एकाच मूलद्रव्याच्या दोन अपरूपांचा इतिहास आहे. पांढऱ्या फॉस्फरसचा रेणू चार अणूंच्या चतुष्फलकाचा असून त्यातील बंध ६० अंशांच्या कोनात ताणलेले असतात. त्यामुळे हा पदार्थ हवेत साधारण उन्हाळ्याच्या तापमानालाही पेट घेऊ शकतो व पाण्याखाली ठेवावा लागतो. तांबड्या फॉस्फरसमध्ये तेच अणू एकमेकांस जोडून लांब जाळ्यात बांधलेले असतात. त्यास पेटण्यासाठी सुमारे २५० अंश तापमान लागते. अणू तेच आणि बंधाचा प्रकारही तोच, मात्र जोडणी वेगळी.

हा फरक कामगारांच्या देहावर उमटला. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी युरोपातील आगपेटी कामगारांच्या जबड्याची हाडे कुजत. १९०६ च्या बर्न येथील करारानंतर त्याच्या वापरावर देशोदेशी बंदी येऊ लागली आणि हिंदुस्थानात १९१३ मध्ये तसा कायदा झाला. सुरक्षित आगपेटीत तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला आणि पोटॅशियम क्लोरेट काडीच्या टोकाला, असे दोघांना वेगळे ठेवले जाते. कामगारांच्या या आजारास आळा बसला तो मूलद्रव्य न बदलता त्याची रचना बदलल्यामुळे.

धातूंच्या रकान्याविषयीही हेच म्हणता येते. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत पितळ व ॲल्युमिनियम यांसारख्या अलोह धातूंचे काम चालत आले आहे. काडतुसाच्या पितळात सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत असल्याचे आढळले होते. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढून घडवताना त्यात राहिलेला ताण या तिहींच्या संयोगाने धातूच्या कणसीमांवर भेगा पडत. ताण घालविण्यासाठी पितळ बेताने तापवून घेतले की हा दोष टळतो. धात्विक बंध दोन्ही अवस्थांत सारखाच असतो. ‘धातू वर्धनीय असतो’ एवढेच शिकलेल्यास ही भेग समजणार नाही, कारण ती बंधाच्या प्रकारात नाही. ती स्फटिककणांच्या पातळीवरील रचनेत आहे.

शहाडचे रेयॉन आणि उल्हासनगरची जीन्स

उल्हासनगरलगत शहाड येथे रेयॉनचा मोठा कारखाना आहे. रेयॉन हे सेल्युलोजच, म्हणजे कापसाचे सख्खे भावंड. सेल्युलोजच्या साखळीत ग्लुकोजची एककेच असतात आणि भातातील पिष्टमय पदार्थातही तीच असतात. एककांची जोडणी एका ठिकाणी अल्फा तर दुसऱ्या ठिकाणी बीटा पद्धतीची आहे. एवढ्या फरकाने भात शिजतो आणि पचतो, तर कापूस वस्त्र होतो. सेल्युलोजच्या सरळ साखळ्या शेजारी शेजारी बसून हायड्रोजन बंधांनी अशा जखडल्या जातात, की पाण्याची ओढ असणारे गट अंगभर असूनही ते पाण्यात विरघळत नाही.

१८९२ मध्ये क्रॉस, बेव्हन व बीडल यांनी शोधलेली व्हिस्कोस पद्धती ही जखडण सोडवते. लाकडाच्या लगद्यावर प्रथम कॉस्टिक सोडा व नंतर कार्बन डायसल्फाइड यांची क्रिया करून सेल्युलोज विद्राव्य केले जाते आणि सूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्लाच्या द्रावणात सोडून त्याचा पुन्हा धागा केला जातो. रासायनिक दृष्ट्या अखेरीस पुन्हा सेल्युलोजच मिळते, पण साखळ्या आखूड झालेल्या असतात व मांडणी सैल. म्हणूनच ओला कापूस कोरड्याहून अधिक बळकट असतो, तर ओल्या रेयॉनचे बळ निम्म्याच्या आसपास येते. धुण्याच्या पिळ्यात रेयॉनची साडी का फाटते, याचे उत्तर बंधाच्या प्रकारात सापडत नाही, कारण तो कापसात आणि रेयॉनमध्ये एकच आहे.

याच पद्धतीतील कार्बन डायसल्फाइड हा कार्बन डायऑक्साइडचा गंधकयुक्त जोडीदार. त्याचे रेणू सरळ रेषेतील व अध्रुवीय असल्याने ते एकमेकांस घट्ट धरून ठेवत नाहीत. ४६ अंशांनाच त्याला उकळी फुटते. त्याची वाफ हवेहून अडीचपटींहून जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि सुमारे ९० ते १०० अंशांच्या पृष्ठभागावरही, ठिणगीशिवाय, पेट घेऊ शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये शहाडच्या कारखान्यात टँकरच्या स्फोटात कामगार मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेची कारणे ठरविणे हे तपास यंत्रणांचे काम होय. परंतु अशा पदार्थांच्या सान्निध्यात राबणाऱ्यास ‘सहसंयुज संयुगांचा उत्कलनांक कमी असतो’ हे कोष्टकातील वाक्य पुरेसे आहे काय, हा प्रश्न शिक्षणक्षेत्राने स्वतःस विचारला पाहिजे. कोष्टकातील ‘कमी उत्कलनांक’ या शब्दांचा कारखान्यातील अर्थ असा आहे, की गरम वाफेच्या नळीचा स्पर्शही धोकादायक ठरू शकतो.

उल्हासनगरचा जीन्स उद्योग आणखी एक धडा देतो. नीळ हा सहसंयुज रेणू असूनही सुमारे ३९० अंशांपर्यंत तो टिकतो, कारण त्याचे सपाट रेणू हायड्रोजन बंधांनी घट्ट रचले जातात. पाण्यात तो विरघळत नाही. कापड रंगवताना त्याला क्षपणाने विद्राव्य करावे लागते. हवेत येताच तो पुन्हा निळा व अविद्राव्य होतो आणि धाग्याच्या पृष्ठभागात अडकून राहतो. सेल्युलोजशी त्याचा सहसंयुज बंध होत नाही, म्हणूनच जीन्स विटते व तिचे विटणे बाजारात शोभा ठरते. याउलट १९५६ पासून बाजारात आलेले क्रियाशील रंग सेल्युलोजशी सहसंयुज बंध करतात व धुण्यात टिकतात. जीन्सला ‘धुऊन’ जुनी दिसण्यासाठी बंध नसणे उपयोगी पडते. पण धाग्यास न बांधलेला तोच रंग धुलाई कारखान्यांच्या सांडपाण्यात उतरतो. वालधुनीच्या निळसर पाण्याचे मूळ या रचनेत आहे.

नदीचे पाणी

बदलापूरजवळ उल्हास नदीतून पिण्याचे पाणी उचलले जाते. पावसाळ्यात ते गढूळ होते. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या चिकणमातीचे कण त्यात तरंगत असतात. मंदिराच्या दगडातील सिलिकेटाच्या साखळ्या व जाळी मातीत थरांच्या रूपाने नव्याने मांडल्या गेलेल्या असतात आणि या थरांवर ऋण प्रभार असतो. समान प्रभाराचे कण एकमेकांस दूर ढकलतात, म्हणून ते खाली बसत नाहीत. तुरटी फिरवली की तिच्यातील तिहेरी धन प्रभाराचे ॲल्युमिनियम आयन हा विरोध मिटवतात आणि गाळ बसतो. मीठही तुरटीप्रमाणे ‘आयनिक’ रकान्यातच आहे. पण त्याचा एकेरी प्रभाराचा सोडियम आयन या कामी फारच दुबळा ठरतो. एका रकान्यात बसलेले दोन पदार्थ एकसारखे वागत नाहीत.

त्याच परिसरातील दुसरी नदी वेगळी कहाणी सांगते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनीत घातक रसायन सोडले गेल्याने पसरलेल्या वायूमुळे शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. सांडपाण्याच्या अशा प्रश्नात ज्या वायूची ओळख प्रत्येक विद्यार्थ्यास असावयास हवी तो हायड्रोजन सल्फाइड होय. ज्या पाण्यात सल्फाइड आहेत त्यात आम्ल पडले की हा वायू मुक्त होतो. तो पाण्याचाच गंधकयुक्त भाऊबंद आहे : रेणूचा आकार तसाच वाकडा आणि बंध तसेच सहसंयुज. परंतु पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांस धरून ठेवतात, म्हणून ते १०० अंशांना उकळते. हायड्रोजन सल्फाइडमध्ये ही पकड नगण्य असल्याने ते उणे ६० अंशांनाच वायू होते. अल्प प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढल्यावर मात्र ते घ्राणशक्तीच बधिर करते. वास थांबला म्हणजे धोका टळला, हा समज म्हणून जीवघेणा ठरू शकतो.

आक्षेप व त्यांचा विचार

कोष्टकाच्या बाजूने दोन मुद्दे मांडता येतील. पहिला असा, की प्रारंभीच्या विद्यार्थ्यास सुलभ वर्गीकरण लागते. हा मुद्दा योग्य आहे. कोष्टक टाकून द्यावे असे येथे सुचवायचे नाही. मात्र प्रारंभीची पायरी ही अखेरची पायरी ठरू नये. दुसरा असा, की स्थानिक उदाहरणांनी विषयाची सार्वत्रिकता उणावते. वस्तुस्थिती उलट आहे. मीठ, मेण आणि हिरा ही उदाहरणे कोष्टकासाठी निवडलेली असल्याने ती कोष्टक सिद्ध करतात. दगड, आगकाडी, धागा आणि सांडपाणी कोणी निवडलेले नाहीत, म्हणून ते सिद्धान्ताची खरी कसोटी घेतात आणि त्या कसोटीस सिद्धान्त उतरतो. बंध व रचना मिळून गुणधर्म ठरवितात, हे विधान येथील प्रत्येक उदाहरणात खरे ठरते. केवळ बंधाच्या प्रकारावर विसंबलेले कोष्टक मात्र अपुरे पडते.

या परिसराच्या बोलण्यात ‘केमिकल’ हा शब्द सरसकट भयाचा किंवा दुर्गंधीचा पर्याय झाला आहे. तुरटीही केमिकल आणि कार्बन डायसल्फाइडही केमिकल. सारेच सारखे वाटू लागले की खऱ्या धोक्याविषयीची तक्रारही धूसर होते आणि ती फेटाळणे सोपे जाते. कोष्टक शिकून बाहेर पडलेला पदवीधर या धूसरपणात भर घालतो. रचनेचा विचार करणारा पदवीधर तो कमी करू शकतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून अध्यापनात एक छोटा बदल सुचविता येतो. कोष्टकाच्या तीन रकान्यांपुढे चौथा रकाना जोडावा व त्यात उत्तराऐवजी प्रश्न असावा : हा पदार्थ वितळताना, विरघळताना, जळताना किंवा तडकताना नेमके काय तुटते? रेणूच्या आतील बंध, रेणूरेणूंमधील आकर्षण, साखळ्यांमधील पकड, स्फटिककणांच्या सीमा, की समान प्रभारांचा विरोध? प्रात्यक्षिकासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. गढूळ पाण्याच्या दोन पेल्यांत तुरटी व मीठ टाकून पाहणे, कापूस व रेयॉनचा धागा ओला करून ओढून पाहणे, आगपेटीची कड आणि काडी यांतील घटकांची चर्चा करणे, एवढ्यानेही प्रारंभ होऊ शकतो. प्रश्नपत्रिकेतही ‘गुणधर्म लिहा’ याऐवजी ‘कारण द्या व काय तुटते ते सांगा’ असा प्रश्न आला, तर अध्यापन आपोआप त्या दिशेने वळेल.

अंबरनाथच्या मंदिराचा दगड आणि त्याच्या पायाशी वाहणारी वालधुनी यांच्यात रसायनशास्त्राचा जवळजवळ सारा अभ्यासक्रम सामावलेला आहे. तो विद्यार्थ्यापुढे उघडून ठेवण्याची जबाबदारी या परिसरातील अध्यापकांवर इतरांपेक्षा अधिक आहे, कारण येथे चुकीचे उत्तर केवळ गुणपत्रिकेत राहत नाही.